नेताजींना घेऊन गेलेली यू-१८०: सहा इंजिनांची बोट

बाई, २३ जानेवारीच्या कार्यक्रमात मुलांना सांगायचं म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. नेताजी सुभाषचंद्र बोस ज्या पाणबुडीतून जर्मनीहून निघाले तिनं युद्धात काय काय केलं? ते नव्वद दिवस पाण्याखाली होते हे खरं का? आणि ती आज कुठे बघायला मिळेल का? मी इतिहासकार नव्हे. नौदलात डिझेल पाणबुड्यांच्या इंजिनरूममध्ये माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे उत्तर थोडं इंजिनाच्या बाजूनंच येईल. पण या बोटीची गोष्ट खरं तर तिच्या इंजिनांचीच गोष्ट आहे. (आम्ही पाणबुडीला बोटच म्हणतो. तेवढी सवय चालवून घ्या.)

बोटीचं नाव यू-१८०. ब्रेमेनच्या एजी वेझर गोदीत बांधलेली. १६ मे १९४२ रोजी ती जर्मन नौदलात दाखल झाली आणि वेर्नर मुझेनबर्ग हे तिचे कमांडर झाले. पहिल्या सफरीवर ती ९ फेब्रुवारी १९४३ ला कीलहून निघाली, ३ जुलै १९४३ ला फ्रान्समधल्या बोर्दोला लागली. दुसऱ्या सफरीवर ऑगस्ट १९४४ मध्ये बोर्दोहून निघाली ती परत आली नाही. दोन वर्षांची नोकरी, दोन सफरी, दोन जहाजं बुडवली. इतर यू-बोटींच्या, म्हणजे जर्मन पाणबुड्यांच्या, मानानं हा हिशेब अगदी किरकोळ आहे. फ्रान्सच्या पश्चिमेच्या बिस्केच्या उपसागरात गडप झालेल्या कितीतरी बोटींपैकी ती एक. नेताजी तिच्यावर चढले नसते तर आपण तिचं नावही काढलं नसतं.

आधी नव्वद दिवसांचं सांगतो, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात ते हमखास असतं आणि मुलंही तेच विचारतील. त्या काळची पाणबुडी म्हणजे बुडी मारता येणारं जहाज. तिचं राहणं पाण्यावरच. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून इंजिन चालवायचं तर वर राहावंच लागतं. पाण्याखाली गेलात की बॅटरीवरच्या मोटरी, आणि बॅटरी म्हणजे बांधलेली शिदोरी. यू-१८० पाण्याखाली माणूस रमतगमत चालतो तेवढ्या गतीनं गेली, तरी काही दिवसांतच ही शिदोरी खलास. मग वर या, डिझेल लावा, बॅटरी भरा. पाण्याखालूनच नळीवाटे हवा ओढायची सोय, जिला स्नॉर्केल म्हणतात, ती १९४३ च्या फेब्रुवारीत या बोटीवर नव्हती.

तेव्हा नेताजी बहुतेक वेळ पाण्याच्या पृष्ठभागावरूनच गेले. उत्तरेला, ब्रिटनला वळसा घालून अटलांटिकमध्ये उतरताना, विमानांची भीती होती तिथे दिवसा खाली आणि रात्री वर. पुढे मोकळ्या दक्षिण अटलांटिकमध्ये बराचसा प्रवास वरूनच. बोटीच्या ब्रिजवर, मोकळ्या हवेत उभ्या असलेल्या नेताजींचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. तो फोटो म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. आणि दिवसांचं म्हणाल तर ९ फेब्रुवारी ते २८ एप्रिल हे अठ्ठ्याहत्तर दिवस होतात. पुढे जपानी पाणबुडीवरचा आठवड्याहून थोडा जास्त काळ धरला की सगळे मिळून नव्वदच्या घरात जातो. आकडा खोटा नाही. ‘पाण्याखाली’ हा शब्द मागाहून चिकटला आहे.

आता इंजिनं. जर्मनांनी लांब पल्ल्यासाठी नवव्या प्रकारच्या बोटी बांधल्या, त्यातल्या सगळ्यात मोठ्या त्या नऊ-डी. या नऊ-डीचे दोन पोटभेद. दुसरा, डी-२, नेहमीच्या पाणबुडी डिझेलवर चालणारा. त्या बोटी पार हिंदी महासागरापर्यंत जाऊन महिनोन्‌महिने फिरत. पहिला, डी-१, हा प्रयोग होता. पाणबुडी पृष्ठभागावर अजून वेगानं पळाली तर, या कल्पनेपायी तिच्यात मर्सिडीज-बेंझची सहा इंजिनं बसवली. एमबी-५०१, प्रत्येकी वीस सिलिंडर, दीड हजार अश्वशक्ती. ही इंजिनं मुळात टॉर्पेडो मारून पळ काढणाऱ्या छोट्या, चपळ बोटींसाठी बनवलेली. सहांची मिळून नऊ हजार अश्वशक्ती. डी-२ च्या दोन मोठ्या डिझेलची ताकद याच्या निम्म्याहूनही कमी होती. कागदावर यू-१८० चा वेग वीस नॉटच्या, म्हणजे ताशी वीस सागरी मैलांच्या, वर जायचा. पाणबुडी म्हणून तो तुफानच.

कागद ठेवा बाजूला. पाणबुडीचं डिझेल सावकाश फिरतं, मिनिटाला पाचशेच्या आत. जाड, थोराड, बैलासारखं. आठवडेच्या आठवडे तेच ते करत राहतं आणि तक्रार करत नाही. टॉर्पेडो बोटीचं इंजिन मिनिटाला सोळाशे फेरे घेतं. ते शर्यतीचा घोडा. रात्री निघायचं, पहाटेपर्यंत बंदरात परत, मग मेकॅनिक त्याची सेवा करत बसणार. हा घोडा औताला जुंपला आणि वर्षाचा निम्मा काळ सोडायचाच नाही म्हटलं, तर काय होईल? तेच झालं. तेल पिणं बेसुमार, इंजिनरूममध्ये असह्य उष्णता आणि पाठीमागे काळा धूर. पाणबुडीचा सगळा जीव लपण्यात. धूर म्हणजे आम्ही इथे आहोत अशी पाटीच.

मी ज्या सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट वर्गाच्या बोटींवर होतो, त्यात तीन डिझेल होती, मागचे पंखे फिरवणाऱ्या तीन शाफ्टना तीन. दोन इंजिनांच्या मधल्या बोळातून अंग आडवं करून जावं लागायचं. तिन्ही चालू असली की बोलणं बंद, सगळं हातवाऱ्यांवर. खिशात कॉटन वेस्टचा गोळा कायम, आणि बेअरिंगच्या झाकणावर तळहात टेकवून ‘ताप आहे का’ बघायची सवय. ही सवय पुढे इतकी अंगवळणी पडते की घरी फ्रिजवरही हात टेकवला जातो. तीन इंजिनांचं हे. त्या बोळात वीस सिलिंडरची सहा इंजिनं, म्हणजे एकशेवीस सिलिंडर सांभाळणाऱ्या जर्मन पोरांची मला खरंच कीव येते. एकेका सिलिंडरला इंधनाचा फवारा, व्हॉल्व्ह, गळणारे जोड. यातलं रोज काही ना काही बिघडणारच.

नेताजींबरोबर आबिद हसन होते. हैदराबादचे, जर्मनीत इंजिनिअरिंग शिकायला गेलेले. त्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत डिझेलचा वास सारखा येतो. पांघरुणाला वास, पावाला वास. हे वाचून मला हसू आलं, कारण त्यात तिळभर अतिशयोक्ती नाही. मी सुटीवर घरी आलो की बायको बॅग जिन्यातच उघडायला लावायची. कपडे दोनदा धुतले तरी वास राहायचा. एकदा लेकीच्या वहीला लागला, तर तिच्या बाईंनी विचारलं, वडील गॅरेजमध्ये असतात का?

हसन यांची दुसरी आठवण जेवणाची. डबाबंद जर्मन जेवण नेताजींना जाईना. हसन यांनी भांडारात शोधाशोध केली तर तांदूळ आणि डाळ सापडली. मग खिचडी. आता पंचाईत ही की नेताजी आपल्या ताटातलं जर्मन अधिकाऱ्यांनाही आग्रहानं वाढू लागले आणि हसन मनातल्या मनात उरलेल्या तांदळाचा हिशेब करत बसले. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. पाणबुडीवर तांदळाचा हिशेब ही काय चीज आहे ते आम्हाला माहीत आहे. दोन महिन्यांनंतर माणसं टॉर्पेडोपेक्षा कांद्याबद्दल जास्त बोलतात.

रोजचं म्हणाल तर हसन यांना समोर बसवून नेताजी पुढच्या भाषणांचे, योजनांचे मसुदे सांगत. तशा बोटीत कमांडरचा पडद्याआडचा कोपरा सोडला तर कुणालाच खासगी जागा नसते. दाबाला टिकणारा आतला नळा रुंदीला चार-साडेचार मीटर, त्यात यंत्रं, पाइप, टॉर्पेडो आणि पन्नासच्या वर माणसं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट द्यायला दर पाच मिनिटांनी पाय आवरून घ्यायचे, आणि त्यात लेखन.

अटलांटिकमध्ये यू-१८० नं दुसऱ्या पाणबुडीकडून तेल घेतलं. अशा तेलवाहू पाणबुडीला जर्मन खलाशी ‘दुभती गाय’ म्हणत. इतक्या तेलपिऱ्या बोटीला मादागास्करपर्यंत जाऊन परत यायचं तर दुसरा इलाज नव्हता.

१८ एप्रिल १९४३ ला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून झाल्यावर, दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेला मुझेनबर्गनं ‘कॉर्बिस’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं. आठ हजार टनांचं. नेताजी तेव्हा बोटीवर होते. जहाजावरचे बहुतांश खलाशी मेले. इथे मी जरा थांबतो. त्या काळात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या खलाशांत साधारण चौथा हिस्सा हिंदुस्थानी माणसांचा होता. मुंबईहून भरती होणाऱ्यांत डेकवर रत्नागिरीकडचे, भांडी-वाढपाच्या कामावर गोव्याचे. त्यांच्यापैकी हजारोजण या युद्धात यू-बोटींच्या टॉर्पेडोंनी गेले. मुंबईत मशीद बंदराजवळ खलाशांच्या विश्रामधामात गेलेल्यांची स्मृती जपली आहे. आमच्या कोकणात ‘बोटीवर होता, आला नाही’ एवढ्या चार शब्दांत कितीतरी घरांचा इतिहास संपतो. नेताजींच्या प्रवासाचं थरारक वर्णन करताना यू-१८० ही शेवटी ब्रिटिश जहाजं बुडवायला निघालेली शिकारी बोट होती, हेही मुलांना कळावं असं मला वाटतं. मोठ्या वर्गातल्या मुलांना तरी.

२६ एप्रिलला ठरलेल्या जागी, मादागास्करपासून शेकडो मैलांवर भर समुद्रात, मलायातल्या पेनांगहून आलेली जपानी पाणबुडी आय-२९ भेटली. भेट झाली पण समुद्र खवळलेला. दोन्ही बोटी समांतर चालत शांत पाणी शोधत राहिल्या. हे दोन दिवस मुझेनबर्गला कसे गेले असतील! दोन पाणबुड्या दिवसाढवळ्या पृष्ठभागावर, हळूहळू, एकमेकींशेजारी. वरून एक विमान आलं असतं तर एका बुडीच्या वेळात खेळ संपला असता. शेवटी एक जर्मन अधिकारी आणि एक सिग्नलमन पोहत पलीकडे गेले. मग दोरी लागली, आणि २८ तारखेला नेताजी आणि हसन रबरी तराफ्यावरून आय-२९ वर गेले. चिंब भिजून.

जहाजावरून जहाजावर जाणं वेगळं आणि पाणबुडीवरून पाणबुडीवर जाणं वेगळं. पाणबुडीचा डेक पाण्यापासून हातभर वर, गोल, निसरडा, कठडा नावालाच. लाट आली की डेकवरून सरळ वाहते. दोन बोटी जवळ आणल्या तर आदळून टाक्या फुटायची भीती, लांब ठेवल्या तर दोरी तुटायची. शांत समुद्रात, बंदराच्या तोंडाशी, अंगात लाइफ जॅकेट घालून मी एकदा असा रबरी बोटीतून चढलोय आणि तेव्हाही गुडघा फोडून घेतलाय. दुसऱ्या महायुद्धात दोन देशांच्या पाणबुड्यांमध्ये बिगरलष्करी प्रवाशांची अशी अदलाबदल एवढी एकदाच झाली असं मानतात.

तराफा रिकामा परत आला नाही. जपान्यांनी सुमारे दोन टन सोनं दिलं, बर्लिनमधल्या त्यांच्या वकिलातीसाठी. पन्नास लगडी. दोन टन म्हटलं की डोळ्यांपुढे ढीग येतो, पण सोनं भलतंच जड. हिशेब केला तर ते सगळं दोनशे लिटरच्या तेलाच्या पिंपात अर्ध्यापर्यंतच येईल. एकेक लगड चाळीसेक किलोची, ती हलणाऱ्या तराफ्यावरून निसरड्या डेकवर चढवायची. याशिवाय एक टॉर्पेडो आणि इतर सामान. आणि दोन जपानी नौदल अधिकारी, एमी आणि तोमोनागा.

यातल्या तोमोनागा हिदेओबद्दल मला विशेष आदर आहे. हा पाणबुड्यांचा रचनाकार. पंखा न फिरवता बोट पाण्याखाली एकाच खोलीवर आपोआप स्थिर ठेवायची यंत्रणा त्यानं तयार केली होती. आमच्या भाषेत ट्रिम. बोटीचं वजन आणि तिनं सारलेल्या पाण्याचं वजन यांचा मेळ. माणूस पुढून मागे चालत गेला तरी ट्रिम हलतो. पाणी थंड झालं, खारटपणा बदलला तरी हलतो. तो सांभाळायला माणूस टाक्यांत थोडं पाणी घे, थोडं काढ, असं सतत करत बसतो. हे काम यंत्रावर सोपवणारा माणूस महासागर ओलांडून ती विद्या जर्मनांना द्यायला निघाला होता. पुढे एप्रिल १९४५ मध्ये तो यू-२३४ या बोटीनं जपानला परत निघाला. मे महिन्यात वाटेतच जर्मनीच्या शरणागतीची बातमी आली, कमांडरनं शरण जायचं ठरवलं. तोमोनागा आणि त्याचा सहकारी शोजी यांनी झोपेच्या औषधाचा मोठा डोस घेऊन जीव दिला. त्यांना समुद्रातच निरोप देण्यात आला.

आय-२९ नेताजींना घेऊन मे १९४३ च्या पहिल्या आठवड्यात सुमात्राच्या टोकाला साबांगला पोहोचली. तिथून पुढे विमानानं टोकियो, आणि तो इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. आय-२९ सुद्धा टिकली नाही. २६ जुलै १९४४ ला अमेरिकन पाणबुडी सॉफिशनं तिला फिलिपाइन्सच्या उत्तरेला बुडवलं.

यू-१८० चा परतीचा प्रवास पुस्तकांत दोन ओळींत संपतो. माझ्या मते तो जाण्यापेक्षा अवघड होता. ती निघाली तेव्हा अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांचा जोर होता. ती परत येईपर्यंत पारडं फिरलं होतं. एकट्या मे १९४३ मध्ये चाळीसहून अधिक यू-बोटी गेल्या. रडारवाली विमानं बिस्केवर रात्रंदिवस घिरट्या घालत होती. त्या वाटेनं ही धुराची बोट, दमलेली इंजिनं आणि दोन टन सोनं घेऊन आली. वाटेत ३ जूनला ‘बोरिस’ हे पाच हजार टनांचं ग्रीक जहाज बुडवलं. कीलपासून एकशे चव्वेचाळिसाव्या दिवशी बोर्दो. त्या जुलैत कितीतरी बोटी बिस्केमध्ये संपल्या. ही निसटली, यात नशिबाचा वाटा मोठा.

आल्यावर सहाही इंजिनं उपटून काढली. त्या जागी दोन साधी, सावकाश पाणबुडी डिझेल. नऊ हजार अश्वशक्तीचे अठ्ठावीसशे झाले, वेग वीसवरून सोळाच्या आत आला. टॉर्पेडोच्या नळ्या काढल्या आणि बोट मालवाहू केली, अडीचशे टन माल नेणारी. स्नॉर्केल बसवला. वेगाचं खूळ संपलं. मी असतो तर पहिल्या दिवशीच हे सांगितलं असतं, पण इंजिनरूमवाल्याला विचारतो कोण?

ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्समध्ये आत घुसत होतं, बोर्दो रिकामं करायची वेळ आली होती. चालू शकतील त्या बोटी बाहेर काढायच्या, अशी घाई. २० ऑगस्टला यू-१८० पूर्व आशियाकडे निघाली, आता कमांडर रोल्फ रीझेन. २३ तारखेनंतर तिचा पत्ता नाही. छप्पन्न माणसं होती, सगळी गेली.

कारण म्हणून बरीच वर्षं सुरुंग लिहिलं जायचं. बोर्दोच्या नदीमुखाबाहेर ब्रिटिशांनी सुरुंग पेरलेले होतेच. पुढे स्नॉर्केलच्या बिघाडाचीही शक्यता मांडली गेली. पुरावा समुद्राच्या तळाशी, म्हणून निकाल कुणीच देऊ नये. पण स्नॉर्केलनं बोट जाऊ शकते का असं विचाराल तर हो, सहज. नळीच्या टोकाला एक व्हॉल्व्ह असतो. लाट आली की तो मिटतो. इंजिन चालूच असतं, त्याला हवा हवीच, मग ते बोटीतली हवा ओढतं. कानात दडे बसतात, डोळे खोबणीतून बाहेर येतायत असं वाटतं. दोन-तीन सेकंदांत व्हॉल्व्ह उघडला तर ठीक. नाही उघडला तर इंजिन ताबडतोब बंद करावं लागतं. एक्झॉस्टचा मार्ग तुंबला तर विषारी वायू आत. आम्ही हे शिकलो तेव्हा मागे कित्येक वर्षांचा अनुभव होता, शिकवणारे होते. यू-१८० वर नवी नळी, नवी इंजिनं, नवा कमांडर, आणि सरावाला जागाच नाही. सुरुंग लागला असेल तर एका क्षणात सुटले बिचारे.

तिची एकच जुळी बहीण होती, यू-१९५, तीच सहा इंजिनांची चूक घेऊन जन्मलेली, तशीच मालवाहू केलेली. तीही त्याच ऑगस्टमध्ये बोर्दोहून निघाली आणि डिसेंबरात बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, सुखरूप पोहोचली. जर्मनी शरण गेल्यावर जपान्यांनी ती घेतली.

तिसरा प्रश्न, बघायला कुठे मिळेल. यू-१८० नाही मिळणार. तुमचा भाचा शिकागोला आहे म्हणालात, तर त्याला तिथल्या विज्ञान संग्रहालयात पाठवा. तिथे अमेरिकनांनी जून १९४४ मध्ये जिवंत पकडलेली यू-५०५ ठेवली आहे, याच नवव्या प्रकारातली, थोडी लहान. आणि शाळेची सहल काढणार असाल तर विशाखापट्टणमला चला. रामकृष्ण बीचवर आपली आयएनएस कुरसुरा किनाऱ्यावर ओढून ठेवली आहे, फॉक्सट्रॉट वर्गातली. यू-१८० ची लांबी सत्त्याऐंशी मीटर, कुरसुराची एक्क्याण्णव. अंदाज अगदी नेमका येईल. एका टोकानं आत शिरतात, दुसऱ्यानं बाहेर पडतात. मुलांना सांगा, इंजिनरूममध्ये आलात की घाई करू नका. मधल्या बोळात उभं राहून दोन्ही हात पसरायचा प्रयत्न करा. पसरत नाहीत. मग तिथे तीनऐवजी सहा इंजिनं मोजा.